मी कापलेले तुझे श्वास

शैला, तुझ्या तेराव्याला मी तुझं गाणं लावलं नाही. तुझे मिस्टर मुकुंदराव म्हणाले, पुण्याहून आलेली तुझी ऋता म्हणाली, "सुधाकाका, आईचं एखादं तरी लावा." साउंड सर्व्हिस माझी, स्पीकर माझे, मांडवही माझाच. आणि मी सांगितलं काय, तर वायर खराब झाली आहे. पस्तीस वर्षं अख्ख्या यवतमाळात वायरी जोडत फिरलेल्या माणसानं हे सांगितलं आणि लोकांनी ऐकूनही घेतलं. अशा दिवशी कोणी कोणाला उलटं विचारत नाही.

वायर चांगली होती. तुझी गाणी मीच बिघडवून ठेवली होती. ती कशी, हे तुला तू असताना सांगायला हवं होतं. तीन महिने वेळ होता. तो मी 'देतो', 'पाहतो', 'पुढच्या आठवड्यात' करत घालवला आणि तू गेलीस. आता हे लिहितोय. समोर असतीस तर एवढ्यातच "मुद्द्यावर ये बे" म्हणाली असतीस. थांब, येतो.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. 'ज्येष्ठ रॉक गायिका' असं लिहिलं होतं. मागे एका निवेदकानं तुला असंच म्हटलं तेव्हा तू माइकवरूनच त्याला सुनावलं होतंस, "ज्येष्ठ-बिष्ठ नोको म्हणू भाऊ, एसटीत सीट द्यायची असन तं म्हण." आणि फोटो कोणता छापला माहीत आहे? तुझ्या जमीन मोजणी खात्यातल्या निरोप समारंभाचा, शाल-श्रीफळ घेतलेला. तीस वर्षं स्टेजवर घसा फोडलास आणि शेवटी फोटो नारळासोबतचा. मला खूप हसू आलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडलो.

आपली ओळख दुर्गोत्सवातली. कॉलेजातली तीन पोरं गिटार, ड्रम घेऊन मंडळाच्या अध्यक्षांच्या मागे लागली होती आणि अध्यक्षांनी त्यांना आरतीनंतरची वीस मिनिटं दिली होती. गाणार कोण, तर राजूरहून बदली होऊन आलेली मोजणी खात्यातली एक मुलगी, पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, खांद्याला ऑफिसची पर्स. मला वाटलं भजन म्हणेल. तू सरळ माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "हा एक स्पीकर माह्याकडं वळव. मले माह्या आवाज ऐकू आला पाह्यजे." तोपर्यंत कोणत्याही गायिकेनं मला हे सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आवाज लोकांपर्यंत गेला की पुरे असे. मी स्पीकर वळवला, तू तोंड उघडलंस, आणि पहिल्या रांगेतल्या बायांनी डोक्यावरचे पदर सावरले. अध्यक्ष माझ्या कानात ओरडले, "बंद कर बे, देवी जागी होईन." मी बंद केलं नाही. त्या वर्षीचं बिल त्यांनी मला फार उशिरा चुकतं केलं, पण मला तुझ्या रूपानं जन्मभराचं काम मिळालं.

बँडचं नाव 'शेहेचाळीस डिग्री' ठेवलं ते तूच. "उन्हाळ्यात यवतमाळात दुसरं हाय तरी काय," म्हणालीस. बाकीच्या गायिका कार्यक्रमाआधी गरम पाणी नि मध घ्यायच्या, तू भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खायचीस. मी रागवायचो. "गोड गळ्याच्या बाया लय हायेत सुध्या, माह्यी कोणाले गरज नाई," असं तुझं उत्तर ठरलेलं. ठेचा खाऊन तू गायचीस तेव्हा आवाजाला एक कडा यायची, हे मी तुला कधी कबूल केलं नाही. वाद हरायची सवय मला नाही आणि तुझ्याशी तर मी सतत हरत आलो.

दिग्रसचं आठवतं? जिनिंगच्या आवारात कार्यक्रम होता, कापसाच्या गंज्या लागलेल्या, समोर व्यापारी, त्यांच्या बायका, आणि मागे हमाल. तिसऱ्या गाण्याला लाइट गेली. गिटार मुकी, माझे स्पीकर मुके. तू माइक खाली ठेवलास आणि तसंच गाणं पुढं चालू ठेवलंस. ड्रमवाला सावरला, लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले, आणि मी आवाराच्या पार टोकाशी, फाटकापर्यंत चालत गेलो. मला पाहायचं होतं की तुझा आवाज कुठपर्यंत येतो. फाटकावरच्या वॉचमनला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तो म्हणाला, "बाई जेवली वाट्टे चांगली." त्या दिवशी मला माझ्या सगळ्या सामानाचा राग आला होता. असा आवाज असताना माझी गरजच काय, असं वाटलं. परतीच्या टेम्पोत मी गप्प होतो आणि तुला वाटलं मी लाइटवाल्यांवर चिडलो आहे.

आपल्याबद्दल गावात काय काय बोलायचे, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. बाई गाते, पुरुष साउंड सांभाळतो, एकाच टेम्पोत पुसदला नि राळेगावला जातात. मुकुंदराव लग्नानंतर पहिल्या कार्यक्रमाला आले, शेवटपर्यंत बसले आणि मला विचारलं, "एवढ्या वेळ उभ्यानं गाते, हिले मधूनमधून पाणी कोण देते?" मी म्हटलं, मी देतो. "मंग ठीक हाय," म्हणाले. एवढंच बोलणं. त्या माणसाचं मोठेपण मला फार उशिरा कळलं.

मग बँड पांगला. ड्रमवाला मुलाकडे गेला, गिटारवाला नागपूरला स्थायिक झाला. तू रिटायर झालीस. आणि मग तुझी फुफ्फुसं आवळायला लागली. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते मी पाठ केलं आणि विसरलो. एवढं कळलं की आता ती सैल होणार नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. चाकांवरचं, फ्रिजसारखं घरघरणारं. नाकात नळी लावून तू माझ्या दुकानात आलीस, मागून मुकुंदराव मशीन ढकलत. मला वाटलं भेटायला आलीस. तू खुर्चीत बसलीस, दम खाल्लास आणि म्हणालीस, "अल्बम करायचा हाय. एकटीचा."

"बँडशिवाय?"

"बँड कुठी हाय आता? तू हायेस नं."

"अन् दम?"

"दम हाय तोवरच करायचा हाय नं बावा. मंग काय तुह्या स्पीकरनं गाऊ?"

नावही ठरवून आली होतीस, 'एकटीचा गलका'. आठ गाणी, सगळी तुझी. त्यातलं एक मोजणीची साखळी ओढत शेतातून फिरणाऱ्या पोरीचं. एक राजूरचं, तुझ्या आईचं. तुझे बाबा कोळशाच्या खाणीत होते आणि आई दोरीवर पांढरं कधी वाळत घालायची नाही, कारण संध्याकाळपर्यंत ते पांढरं राहायचं नाही. त्यातली ओळ, 'पांढरं नेसायचं तर गाव सोडून जा', ती तू मला दुकानात खुर्चीत बसूनच म्हणून दाखवलीस. 'जा' वर तुझा आवाज फाटला. तू म्हणालीस, "हा फाटलाच पाह्यजे, हे ध्यानात ठेव." मी मान हलवली.

आपला स्टुडिओ काय होता हे ऐकून पुण्याचे लोक हसतील. दुकानामागची माझी गोडाऊनची खोली. तिला घुमायची वाईट खोड. पण माझ्याकडे लग्नांत भाड्यानं द्यायच्या दोनशे गाद्या होत्या. चारी भिंतींना त्या उभ्या बांधल्या की खोलीत टाचणी पडली तरी आवाज तिथंच जिरायचा. अडचण एकच, गाद्या लग्नसराईत गावोगाव फिरत असत. म्हणून आषाढीपर्यंत थांबलो. चातुर्मास लागला, लग्नं बंद झाली, गाद्या घरी आल्या. मी सगळ्यांच्या खोळी धुऊन घेतल्या, तुला धूळ चालत नव्हती म्हणून. थांबलो ते दोन महिने तुझ्याकडे किती कमी होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. आता येतं. आधीच सुरू केलं असतं तर तुझ्यात आणखी थोडा दम असता. मी गाद्यांची वाट पाहत बसलो.

आणि ते मशीन. त्याची घरघर माइकमध्ये यायची. दुसऱ्या खोलीत ठेवावं तर नळी तेवढी लांब नव्हती. मग तूच मार्ग काढलास. मशीन बंद, नळी बाजूला, दोन ओळी, पुन्हा मशीन चालू. मुकुंदराव कोपऱ्यात स्टुलावर बसत, तुझ्या बोटाला लावलेल्या त्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहत. आकडा खाली गेला की ते हात वर करायचे. बोलायचे नाहीत, कारण टेक चालू असायचा. तू त्यांच्याकडे पाहायचीच नाहीस मुद्दाम. मग मीच बटण दाबून थांबवायचो आणि तू चिडायचीस, "झालंच होतं नं, एक शब्द राह्यला होता." अख्खा अल्बम असा दोन-दोन ओळींनी विणला आपण. गिटारचे तुकडे नागपूरहून आपल्या गिटारवाल्यानं मोबाइलवर पाठवले. ठेका तू टेबलावर हातानं धरलास आणि मी तोच ठेवला. भाद्रपद अर्धा झाला तेव्हा आठही गाणी झाली होती. तू पेढे आणलेस. ठेचाही आणलास, पण तुला तो खाता आला नाही.

इथून पुढचं तुला माहीत नाही.

पितृपक्षात धंदा नसतो. ते पंधरा दिवस मी खोलीत बसलो, हेडफोन लावून, गाणी साफ करायला. तुझा आवाज ठीक होता, शैला. खरंच ठीक होता. पण प्रत्येक ओळीच्या आधी तू श्वास घ्यायचीस आणि तो माझ्या कानात नाही, डोक्याच्या आत यायचा. ओढून, घसटत, मध्ये अडकून, शेवटी एक बारीक शीळ. माणूस समोर असताना तेवढं जाणवत नाही, त्याच्या चेहऱ्याकडे आपलं लक्ष असतं. हेडफोनमध्ये चेहरा नव्हता. फक्त तो श्वास, आणि दोन श्वासांच्या मधली जागा. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. चहावाल्यानं विचारलं तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं. आभाळ भरून आलं होतं.

मग मी एक श्वास कापला. फार बरं वाटलं. मग दुसरा कापला. आठ दिवसांत मी सगळे कापले. एकदा हात लागल्यावर पुढं गेलो. सूर सरळ करायचं सॉफ्टवेअर आहे, त्यातून तुझा आवाज काढला. जिथं डगमगला होता तिथं सरळ केला. 'जा' शिवून टाकला. ऐकलं तर तू पंचविशीची वाटत होतीस, धडधाकट, मध पिऊन आलेली. मी स्वतःला सांगितलं, हे मी तुझ्या भल्यासाठी केलं. लोक ऐकतील, तुझी कीव करणार नाहीत. मला ते पटलंही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एका मंडळाचं नऊ दिवसांच्या रेकॉर्डिंगचं काम आलं. माझ्या डिस्कवर जागा उरली नव्हती. साफ केलेली गाणी होतीच, मग मूळची कशाला, म्हणून मी ती पुसली. उभ्या उभ्या, एका हातात वायर, एका हातात माऊस. विचारही केला नाही. माझ्या धंद्यात नवरात्र आलं की माणूस वर्षभराचं पुसून टाकतो, दरवर्षी हेच करत आलो. यंदा त्यात तू होतीस.

कोजागिरीच्या सुमारास तुझ्या घरी येऊन मी तुला ऐकवलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस आणि मला वाटलं, आवडतंय. तीन गाणी झाली तेव्हा तू हातानं थांबवलंस.

"हे कोण होय?"

"कोण म्हणजे? तू."

"मी कुठी हाय याच्यात? काहून रे सुध्या, गाणं धुऊन, इस्त्री करून आणलं तू. दुकानात ठेवाले."

मी म्हटलं, चांगलं वाटतं, लोकांना असंच आवडतं, आजकाल सगळे असंच करतात. मी बरंच बोललो. तू ऐकून घेतलंस. दम लागत होता म्हणून तू भांडली नाहीस, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. शेवटी तू एवढंच म्हणालीस, "मूळचं दे मले. जसं गायलं तसंच काढायचं. माह्या श्वासासगट."

मी म्हटलं, "देतो."

सांगता आलं असतं. पुसलं गं, चूक झाली, शिव्या दे. तू दिल्याही असत्या, आणि कदाचित म्हणाली असतीस, बस, गाद्या बांध, पुन्हा गाते. कार्तिकात तुला अजून गाता येत होतं. एखादं तरी गाणं झालं असतं. पण मी 'देतो' म्हटलं आणि त्या शब्दाला चिकटून बसलो. फोन केलास की डिस्क दुसरीकडे आहे म्हणायचो. मग तुळशीचं लग्न झालं आणि गाद्या पुन्हा गावोगाव निघून गेल्या.

पौषात तू खाटेला लागलीस. मी आलो तेव्हा तोंडावर मास्क होता. मुकुंदराव चहा टाकायला आत गेले. तू मास्क बाजूला सारलास आणि विचारलंस, "खरं सांग. लाज वाटते का रे माह्या आवाजाची?"

मी हसलो. "येडी का तू," म्हणालो. आणि उठून दाराशी गेलो, कारण तिथली वायर पायात येत होती म्हणे. ती मी भिंतीकडे सरकवत बसलो, बराच वेळ. मागं वळलो तेव्हा तू मास्क पुन्हा लावला होतास आणि खिडकीकडे पाहत होतीस. ती आपली शेवटची भेट. पाचव्या दिवशी सकाळी मुकुंदरावांचा फोन आला.

तेरावा झाल्यावर ऋता माझ्याकडे आली. परत जायच्या आधी. "काका, आई सांगून गेली आहे. मूळची गाणी तुमच्याकडे आहेत, तीच काढायची. बाकी काही नाही." डोळे थेट तुझेच आहेत पोरीचे. मी तिलाही म्हटलं, देतो. ती गेल्यावर मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली. हे अलंकारिक लिहीत नाही.

मग बसलो आणि कॉम्प्युटर कोपऱ्या-कोपऱ्यातून पाहिला. मूळचं काही नव्हतं. पुसलेलं परत काढणारा एक जण नागपूरला आहे, त्याच्याकडे डिस्क घेऊन गेलो. त्यावर नऊ दिवसांचा गरबा बसला होता, तो म्हणाला, खाली काही उरलं नाही. परत आलो. मग ज्या फाइलमध्ये मी गाणी साफ केली होती ती उघडली, निदान काय केलं ते तरी पाहू म्हणून. तुझ्या आवाजाच्या पट्टीखाली आणखी एक पट्टी होती, आवाज बंद केलेली. तिचं नाव मीच दिलेलं, 'कचरा'.

ही माझी कॅसेटच्या काळातली खोड. तेव्हा टेप ब्लेडनं कापायचो आणि कापलेला तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचो. काम संपेपर्यंत फेकायचा नाही, कारण कधी चुकून शब्दच कापला गेलेला असायचा. कॉम्प्युटर आला तरी हात तेच करत राहिले. कापलेलं मी खालच्या पट्टीवर टाकत गेलो आणि मग विसरलो. त्यात तुझे सगळे श्वास होते, शैला. एकामागून एक. आठही गाण्यांचे.

गेले चार दिवस मी ते परत जागेवर लावतोय. दुकान उघडतो, गिऱ्हाईक आलं तर नाही म्हणतो. कोणता श्वास कोणत्या ओळीचा, हे ओळखायला वेळ लागतो. पण लागतो पत्ता. साखळीच्या गाण्यात तू घाईनं घेतेस, आईच्या गाण्यात सावकाश. काही ठिकाणी श्वासाच्या मागं टेबलावर बोट आपटल्याचा आवाज आहे, एका ठिकाणी मुकुंदरावांचा स्टूल करकरला आहे. काही कुठंच बसत नाहीत. सूर मात्र परत येणार नाहीत. जे सरळ केलं ते सरळच राहील. तुझा तो 'जा' गेला. खोलीत गाद्या नाहीत, त्या एका लग्नाला आर्णीकडे गेल्या आहेत, पण आता मला त्यांचं काम नाही.

आज सकाळी मुकुंदराव आले. तुझं मशीन परत देऊन आले होते. "घर लय चूप झालं," म्हणाले आणि स्टुलावर बसले, त्यांच्याच. मी काही लपवायच्या आत त्यांनी विचारलं, "काय ऐकून राह्यला?" माझ्या अंगात खोटं बोलायची ताकद नव्हती. मी हेडफोनची पिन काढली आणि स्पीकरवर लावलं. गाणं नाही, नुसती खालची पट्टी. ते हळूहळू सरळ झाले.

"हे शैलाच होय."

"हो."

"हे काढून टाकलं होतं तू?"

"हो."

"कायले?"

मी सांगितलं. सगळं. पुसलं ते, खोटं बोललो ते. आणि म्हटलं, "मले ऐकवत नव्हतं मुकुंदराव. प्रत्येक खेपेले वाटे, याच्या पुढचा येते का नाई."

त्यांनी स्टूल स्पीकरजवळ सरकवला. स्पीकरमधून तू श्वास घेत होतीस. मग म्हणाले, "मले तं याच आवाजानं झोप लागे. दोन वर्षं. श्वास येऊन राह्यला म्हणजे शैला हाय बाजूले." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "शैला मले म्हणे, सुध्याले माह्या आवाजाची लाज वाटते. पण तुम्ही त्याले काही बोलू नोका, त्यानं लय मेहनत घेतली."

शैला, असं म्हणालीस तू? त्याले काही बोलू नका, असं?

लाज नव्हती गं. फाटकापर्यंत चालत जाऊन ज्यानं तुझा आवाज मोजला त्याला कसली लाज? मला भीती वाटत होती. तू मरशील याची, दुसरी कशाची नाही. तू विचारलंस तेव्हा एवढंच सांगायचं होतं. तोंडावर आलेलंही होतं. मी वायर सरकवत बसलो.

मुकुंदराव म्हणाले, "अजूक लाव." मी पहिल्यापासून लावलं. आम्ही दोघं तसेच बसून ऐकत होतो आणि मला एकच गोष्ट सारखी टोचत होती. ते भीतीचं वाक्य मी शेवटी बोललो. तुझ्या नवऱ्याला सांगितलं, शैला. तुला नाही.